मालकीणबाईची अक्कलदाढ

३ मार्च, मंगळवार

वही मध्यंतरी बंदच पडली होती. आज पुन्हा उघडली, कारण गटावर मालकीणबाईचा निकाल लागायचाय आणि पहिलं मत मांडायचा मान मला मिळालाय. उद्या कुणी म्हणायला नको की हे आम्हालाच आधी सुचलं होतं. तारीखवार लिहून ठेवलेलं बरं.

मालकीणबाई म्हणजे त्या मोबाइलवरच्या मालिकेतली. बघायची नाही, नुसती ऐकायची मालिका. मंगळवारी आणि शुक्रवारी नवा भाग येतो. बंदराजवळ एक लहानसं हॉटेल आहे, ते दोघी बहिणी चालवतात. थोरली ती मालकीणबाई आणि धाकटीला सगळे छोटी म्हणतात. मी दिवसभर लॅबमध्ये कवळ्या बनवत बसते. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, मी त्यावरून प्लास्टरचा साचा ओतते, मेणात एकेक दात बसवते. हात कामात पण कान रिकामे, म्हणून ऐकायची सवय लागली. आणि काय बाई आहे ती मालकीणबाई! पाहुण्यांचे बूट मापाप्रमाणे रांगेत लावते. टॉवेलची घडी तीनपदरीच. कुणी दिवा चालू ठेवून खोलीबाहेर पडलं की जिन्यातून गरजते, "वीज काय झाडाला लागते?" मी पहिल्या भागापासून तिच्यावर फिदा आहे. अशी एक तरी बाई प्रत्येक घरात हवी.

आता गटाचं. मोबाइलवरच्या या गटात आम्ही गोष्टींतल्या माणसांचे स्वभाव तपासतो. विचार, भावना, संवेदन आणि अंतर्ज्ञान ही मनाची कामं. त्यांना आम्ही फंक्शन म्हणतो. प्रत्येक फंक्शन एकतर बाहेर तोंड करून असतं, नाहीतर आत. अशी झाली आठ. त्यातली चार माणसाच्या वाट्याला पुढे येतात आणि त्यांचा क्रम ठरलेला असतो. पहिलं सगळा कारभार बघतं, दुसरं त्याच्या हाताखाली राबतं, तिसरं अधूनमधून लुडबुडतं. चौथं सगळ्यात कच्चं. माझ्या भाषेत चौथं म्हणजे अक्कलदाढ. मागे कोपऱ्यात असते, चावायच्या कामाची नाही, आहे हेसुद्धा आठवत नाही, पण एकदा ठणकायला लागली की अख्खं तोंड बंद. ही उपमा गटावर फार गाजली.

तर माझं मत असं. मालकीणबाईचं पहिलं फंक्शन बहिर्मुख विचार, म्हणजे हुकूम सोडायचे आणि कामं उरकायची. दुसरं अंतर्मुख संवेदन, म्हणजे जे काल जसं झालं ते आज तस्संच व्हायला पाहिजे. आणि अक्कलदाढ कोणती, तर अंतर्मुख भावना. आपल्याला काय वाटतंय हे त्या बाईला स्वतःलाच कळत नाही. इतकं स्वच्छ आहे! पण घुबड म्हणून एक सभासद आहे (नाव घुबड, चित्रही घुबडाचं), तो म्हणतो तिचं पहिलं फंक्शन भावना. सगळं जिवाच्या ओढीने करते म्हणे. नाकाने कांदे सोलतो मेला.

माझा स्वतःचा टाइप अर्थातच वेगळा. मी आयएनएफजे, स्वभावाच्या सोळा प्रकारांतला एक. सगळ्यात दुर्मिळ समजतात. माझं पहिलं फंक्शन अंतर्मुख अंतर्ज्ञान, त्यामुळे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते मला न सांगता कळतं. चाचणी मी तीनदा दिली. आधी दोनदा भलतंच आलं होतं, पण तेव्हा प्रश्न नीट वाचले नव्हते.

६ मार्च, शुक्रवार

धाकटीचं काय चाललंय कळत नाही. (आता ही माझी धाकटी, सख्खी बहीण. मालिकेतली ती छोटी.) आई गेल्यापासून आम्ही दोघीच. ती घरूनच काम करते, वॉशिंग मशीन, मिक्सर वगैरेंच्या माहितीपुस्तिकांची भाषांतरं. दार लावून दिवसभर टकटक टकटक. एका मिक्सरबद्दल एवढं काय लिहायचं असतं देव जाणे. परवा मी तिच्या दाराशी गेले तर आत चक्क दोन आवाजांत बोलत होती. एक आवाज रागावलेला, दुसरा रडवेला. विचारलं तर म्हणाली, "सूचना मोठ्याने वाचून बघते गं ताई. कानाला कसं वाटतंय ते कळतं."

कामातला हा काटेकोरपणा तिने माझ्याकडूनच उचललाय. लहानपणी गोष्टी लिहीत बसायची. एकदा मला दाखवली होती एक. मी लाल पेन्सिलीने सगळी नीट करून, शेवटही बदलून दिला तिला. त्यानंतर तिने तो नादच सोडला. चांगलं झालं, हाताला निश्चित काम तरी लागलं.

आजच्या भागात गंमत झाली. छोटी जेवताना सांडते, तर मालकीणबाई म्हणते, "सांडलं नाहीस तर तू जेवलीस हे आम्हाला कळायचं कसं?" मी हातातला दात मेणात उलटा बसवला! अगदी हेच वाक्य मी गेल्या आठवड्यात धाकटीला म्हटलं होतं. योगायोग तरी किती असावेत! ही मालिका लिहिणाऱ्याचं नाव शेवटी सांगतात, टाचणी. टोपणनाव आहे. गटाचं मत, कुणीतरी वयस्कर, सुखवस्तू गृहस्थ असणार.

९ मार्च

घुबडाला सविस्तर उत्तर दिलं. जेवण छान गेलं.

१२ मार्च, गुरुवार

रात्रीच्या जेवणाला धाकटी एकदम म्हणाली, "ताई, समजा मला दुसऱ्या शहरात काम मिळालं, तर?"

मी हसले. हसू नाहीतर काय करू? म्हटलं, "तुला? गॅसवर दूध ठेवून पुस्तक वाचत बसतेस तू. तिकडे गेलीस तर पहिल्या आठवड्यात अग्निशमनवाल्यांशी ओळख होईल. आणि छत्री, किल्ली, चष्मा, हे रोज सकाळी शोधून कोण देणार? का तिकडचं ऑफिस त्यासाठी वेगळा माणूस ठेवतंय?"

तीपण हसली. "नाही गं, आपलं समजा म्हटलं," म्हणाली. विषय तिथेच संपला.

मग मी बाथरूम घासायला घेतलं. रविवारीच घासलं होतं, पण फरशीच्या सांधीत काळं दिसत होतं. निदान मला दिसलं. दार लावून, नळ मोठा सोडून, तासभर घासत बसले. त्या पावडरीत हल्ली काहीतरी जहाल घालतात, डोळे चुरचुरून लालभडक झाले, नाकही गळायला लागलं. बाहेर आले तर धाकटी दाराशीच उभी.

"काय झालं गं?"

"पावडर."

"बरं," म्हणाली, आणि जाऊन चहा करून आणला. न सांगता! कधी नव्हे ते. साखर विसरली होती, पण मी तो तसाच प्यायले.

१७ मार्च, मंगळवार

मालिकेने काय वळण घेतलंय! छोटीला दूरच्या शहरातून, मोठ्या हॉटेलातून बोलावणं आलंय. स्वयंपाकघराची प्रमुख म्हणून. या महिन्यातच हो की नाही कळवायचंय. ती घाबरून मालकीणबाईला खरं सांगतच नाही, नुसतं "समजा" म्हणून विचारते. आणि मालकीणबाई हसते. मला ते फार पटलं. मीसुद्धा हसलेच असते.

गटावर नुसता धुरळा. मालकीणबाई छोटीला जाऊ देईल की नाही? मास्तरांनी (गट तेच चालवतात) निकालासाठी माझ्याकडे मागणी केली. मी संध्याकाळी अंडी सोलत मनात जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात धाकटीच म्हणाली, "ताई, तुला काय वाटतं? मालकीणबाई सोडेल तिला?"

धाकटीसुद्धा ती मालिका ऐकते हेच मला माहीत नव्हतं. इतका आनंद झाला! घरात बोलायला कुणीतरी मिळालं. मी तिला पहिल्या फंक्शनपासून सगळं समजावून सांगितलं. म्हटलं, "अगं, तिचा कारभार विचारावर चालतो. घडी बसलेली मोडायची नाही हा तिचा धर्म. हॉटेल दोघींनी चालवायचं ठरलंय, म्हणजे दोघींनीच. ती कदापि जा म्हणणार नाही."

"पण छोटीचं भलं होत असेल तर?"

"छोटीचं भलं कशात आहे ते मालकीणबाई ठरवणार. इतकी वर्षं तिनेच ठरवलंय."

"आणि छोटी न विचारता गेली तर?"

मी जरा विचार केला. आत्ता लिहिताना आठवतंय, खरं तर विचार असा नव्हताच, तोंडातून आपोआप आलं. "मग ती बाई मोडून पडेल," म्हटलं. "बूट लावायला कारणच उरणार नाही तिला."

धाकटी "हं" म्हणाली. अर्धं अंडं तसंच ठेवून उठली. माझ्या विश्लेषणाचा लोकांवर असा परिणाम होतो. हेच मी गटावर टाकलं, पंचेचाळीस जणांनी अंगठा दिला. घुबडाने नाही दिला.

२० मार्च, शुक्रवार

आजचा भाग अजिबात आवडला नाही. टाचणीला माणसं कळत नाहीत असं म्हणायची वेळ आली.

झालं असं. छोटीच्या त्या "समजा"नंतर मालकीणबाई सहा नंबरच्या रिकाम्या खोलीत जाते, दार लावते, नळ सोडते आणि रडते. छोटी बाहेर उभी. आत नुसता पाण्याचा आवाज आणि मधूनच एक हुंदका. ती बाहेर आल्यावर छोटी विचारते, काय झालं, तर म्हणते, "साबण."

गटावर घुबडाचे पंख आभाळाला लागले. "बघा, भावना! आतून ही बाई नुसती भावना आहे!" मी शांतपणे लिहिलं की बाबा, यालाच अक्कलदाढ म्हणतात. ताण आला की चौथं फंक्शन ठणकतं. यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. रडणं एकवेळ मी मान्य करेन. पण नळ? जी बाई दिव्याच्या एका बटणावरून जिना डोक्यावर घेते, ती एवढं पाणी वाया घालवेल? लेखकाने मनाला येईल ते लिहावं का? असं मी खडसावून विचारलं.

जेवताना धाकटीलाही हेच ऐकवलं. ती खाली मान घालून म्हणाली, "नळाचा मुद्दा बरोबर आहे तुझा." पटतं तिला माझं. पण भाग ऐकून मला उगीचच जड वाटतंय. छातीत काहीतरी अडकल्यासारखं. पित्त असेल.

२४ मार्च, मंगळवार

नवा भाग आलाच नाही. "पुढचा भाग लवकरच" एवढीच पाटी. गटावर लोकांचा जीव टांगणीला लागलाय.

दुपारी लवकर घरी आले तर धाकटी गॅलरीत फोनवर. मी ऐकत नव्हते, पण गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये आहे काय, एक जाळीचं दार. ती म्हणत होती, "नाही हो, मला नाही जमणार असंच दिसतंय... घरी अवघड आहे... हो, कळतंय मला, पुन्हा कुणी विचारणार नाही... सगळ्या लेखकांची प्रमुख म्हणजे, हो, मोठीच गोष्ट आहे... शुक्रवारी शेवटचं सांगते." मग बराच वेळ नुसती कठडा धरून उभी राहिली.

माहितीपुस्तिका लिहिणाऱ्यांचीही प्रमुख असते हे नवीनच. तिकडे कारखान्यात बोलावत असतील. नाही म्हणाली ते योग्यच केलं. मी त्यावर एक अक्षर बोलले नाही. आयएनएफजे माणसं दुसऱ्याच्या निर्णयात नाक खुपसत नाहीत. फक्त तिला आवडतं ते टोमॅटोचं सूप केलं. दोन वाट्या प्यायली, पण तिचं तोंड उतरलेलंच होतं. माझ्या सुपात आज काहीतरी कमी पडलं.

२५ मार्च, बुधवार

आज काय काय झालं ते सरळ लिहिते. नाहीतर उद्या मीच फिरवीन.

सकाळी दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात एक कवळी द्यायला गेले. आजोबांच्या तोंडात बसवून बघायची होती. ते म्हणाले, "दात फार पांढरे आहेत." मी म्हटलं, "दात बरोबर आहेत, मिशी काळी केलीय ती चुकलीय." डॉक्टरीणबाई तोंड फिरवून हसल्या. मग त्यांच्या ट्रेमधली हत्यारं वेडीवाकडी पडली होती ती मी उंचीप्रमाणे लावली. क्ष-किरणाच्या खोलीतला दिवा उगाच जळत होता तो बंद केला. "वीज काय..." एवढंच म्हटलं असेन, तर डॉक्टरीणबाई टाळी वाजवून म्हणाल्या, "बाई, तुम्ही म्हणजे साक्षात मालकीणबाई!"

"कोण मी?"

"मग काय मी? अहो, आम्ही घरी ऐकतो ना ती मालिका. आमचे हे तर म्हणतात, हा टाचणी तुमच्या लॅबमध्ये टेबलाखाली लपून बसत असणार."

मी म्हटलं, "काहीतरीच काय. मी आयएनएफजे आहे."

"तो कुठला रक्तगट?" त्यांनी विचारलं.

मी बिल ठेवलं आणि निघाले. डोकं नुसतं सणकलं होतं. मी, मालकीणबाई! घरी येऊन ठरवलं, हे पद्धतशीर खोडून काढायचं. आपली पद्धत आहे कशाला? पुरावे घ्यायचे, फंक्शनवार लावायचे, मग बोलायचं.

लावले. आमच्या दाराशी चपला मापाने लावलेल्या. घरात त्या लावणारी मीच. कपाटात टॉवेल तीनपदरी. सांडण्याचं वाक्य माझं. समजा म्हटल्यावर हसणं माझं. मी एकेक खोडायला जायची आणि ते उलट माझ्याच अंगावर यायचं. दर प्रश्नाला मी म्हणत होते, हा योगायोग धरू. शेवटी योगायोगच एवढे झाले की त्यांनाच रांगेत लावावं लागलं. आणि मग राहिला नळ. तिथे साबण, इथे पावडर, एवढाच काय तो फरक. बारा तारखेला बाथरूममध्ये मी काय करत होते, ते मला आज, पंचवीस तारखेला, आमच्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी कळलं. मी रडत होते. धाकटी जाईल या भीतीने मी तासभर रडत होते, आणि मला वाटत होतं पावडर झोंबतेय.

पण माझा नळ जगात एकाच माणसाने ऐकला होता. दाराबाहेरून.

अगं बाई गं! टाचणी!

आधी राग आला. माझ्या घरात बसून, माझ्या हातचं खाऊन, माझीच वाक्यं मोबाइलवर विकते! मी तरातरा तिच्या दाराशी गेले. मूठ वळून दारावर मारणार, तेवढ्यात आतून मला माझाच आवाज ऐकू आला.

धाकटी माझी नक्कल करत होती. नक्कल नाही म्हणता येणार, ती मला बोलून बघत होती. "नाही. जायचं नाही." अगदी मी, ते नाक ओढण्यासकट. हे तिला एका दमात जमलं. मग थांबली, आणि म्हणाली, "जा." माझ्याच आवाजात. पुन्हा म्हणाली, जरा करड्या आवाजात, "जा." मग मऊ करून. मग घाईघाईने. एकदा तर हुकुमासारखं. दर वेळी ती थांबायची आणि "छे!" म्हणायची. ते माझ्यासारखं होईचना. कसं होणार? माझ्या तोंडून तिने तो शब्द उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

मी मूठ खाली केली. पाय न वाजवता परत आले आणि भांडी घासली, घासलेलीच.

२६ मार्च, गुरुवार

उद्या शुक्रवार. तिला उद्या शेवटचं सांगायचंय. म्हणजे जे काय बोलायचं ते आजच.

दिवसभर लॅबमध्ये एक दात धड बसला नाही. संध्याकाळी वरण-भात टाकला, ताटं घेतली आणि दोन घास झाल्यावर म्हटलं, "मालकीणबाईचं मी चुकीचं सांगितलं होतं."

धाकटीचा घास हवेत राहिला. माझ्या तोंडून चुकीचं हा शब्द निघाला याचाच तिला धक्का बसला असावा. "कुठलं?"

"ती जा म्हणेल."

"नाही गं. तूच म्हणालीस ना, पहिलं फंक्शन बहिर्मुख..."

"फंक्शन गेलं खड्ड्यात. ती म्हणेल. नंतर बाथरूममध्ये जाऊन काय करेल, ते मात्र या वेळी लिहू नकोस."

तिने चमचा खाली ठेवला. एवढा हळू, की आवाजही झाला नाही. "ताई," म्हणाली.

"आणि लिहिलंस तर नळ बारीक ठेव," मी म्हटलं. "तेवढं उधळं नाहीये कुणी."

मग ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. लहानपणापासून तिचं हे असंच. नाक पुसायला तिने बाही वापरली, मी नॅपकिन पुढे केला.

"कधी कळलं तुला?"

"काल. इतके दिवस कसं कळलं नाही ते विचारू नकोस."

"रागावलीस?"

"चपलांचं साऱ्या जगाला सांगायची काही गरज नव्हती."

"लोकांना ती फार आवडते गं, ताई."

"माहितेय मला. मलाही आवडायची."

भातावरचं वरण साय आल्यासारखं थिजलं. मला वाटलं आता मीच गाडी पुढे ढकलावी, म्हणून म्हटलं, "हं, तर मग छोटी येऊन तिला नीट सांगते की मला बोलावणं आलंय, आणि मालकीणबाई..."

"छोटीचं राहू दे," धाकटी म्हणाली. माझ्याकडे सरळ बघून. "मालकीणबाईला नाही विचारत मी. तुला विचारतेय. मी जाऊ?"

इतकी वर्षं मी लोकांचे स्वभाव तपासतेय. घुबडाला चार-चार पानं उत्तरं लिहितेय. पण त्या एवढ्याशा प्रश्नाला माझ्याकडे पहिलं नव्हतं, दुसरं नव्हतं, कुठलंच काही हाताशी नव्हतं. धाकटी वाट बघत होती. मला वाटलं आता हिला हसून काहीतरी टोमणा मारावा, अग्निशमनवाल्यांचा वगैरे. तो ओठांवर आलासुद्धा. पण तिचा चेहरा बघून मी तो गिळला.

"मला तू जायला नको आहेस," मी म्हटलं. "सकाळी उठून कुणाची किल्ली शोधू मी? हे घर खायला उठेल मला. तू जाऊ नयेस असं मला फार वाटतं, खूप वाटतं."

तिने मान खाली घातली. "बरं," एवढंच म्हणाली.

"बरं काय? अजून संपलं नाहीये माझं."

आणि मग मी म्हटलं. "जा."

तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. हुकुमासारखाही नव्हता आणि मऊही नव्हता. मध्येच फाटला.

धाकटी माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "परत म्हण ना."

"आता काय, तोंडी परीक्षा आहे का?"

"एकदाच, ताई."

मी म्हटलं. दुसऱ्यांदाही तो तसाच फाटका निघाला.

"असा असतो होय तो," ती म्हणाली. उठली, माझ्या डोक्यावर आपलं डोकं क्षणभर टेकलं आणि खोलीत लिहायला गेली. ताट तसंच टाकून, जाता जाता लावलेला पॅसेजमधला दिवा चालूच ठेवून. मी तो तसाच राहू दिला. दोन्ही ताटं उचलली, तिचा भात झाकून ठेवला, आणि तिथेच स्टुलावर बसून तिची टकटक ऐकत राहिले.